प्रयोगशाळेच्या दाराला कडी किती घट्ट लावायची?

कॅनडात सरकारी पैशातून संशोधन करू पाहणाऱ्या प्राध्यापकाला १ मे २०२४ पासून अर्जासोबत आणखी एका कागदावर सही करावी लागते. त्याचं काम सरकारने ठरवलेल्या अकरा ‘संवेदनशील’ क्षेत्रांपैकी एखादं क्षेत्र पुढे नेणारं असेल, तर त्याला लिहून द्यावं लागतं की सरकारच्या यादीतल्या शंभराहून अधिक परदेशी संस्थांपैकी एकीशीही आपला सध्या संबंध नाही आणि तिच्याकडून आपण पैसा किंवा वस्तुरूपाने मदतही घेत नाही. यादीतल्या बहुतेक संस्था चीनमधल्या आहेत, काही इराणमधल्या आणि काही रशियातल्या. अर्जात ज्यांची नावं संशोधक म्हणून आहेत त्या प्रत्येकाला हे लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर अनुदान मिळत नाही.

असेच नियम गेल्या सहा-सात वर्षांत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्येही आले. बातम्यांमध्ये या सगळ्याला ‘संशोधन सुरक्षा’ म्हणतात. हा शब्द कानावर पडला की वाचणाऱ्यांचे सहसा दोन तट पडतात. काहींना वाटतं, विद्यापीठ म्हणजे काय लष्कराचा तळ आहे? तिथे जे होतं ते शेवटी छापूनच येतं, मग पहारा कशावर ठेवायचा? काहींना वाटतं, चोर घरात शिरतोय हे दिसत असताना दार उघडं ठेवायचंच कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हे धोरण आखणं इतकं अवघड आहे.

मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकते. परदेशाशी संबंध असणं हा दोष नाही, तो लपवणं हा दोष आहे. जी सरकारं हा फरक नीट धरून चालली त्यांचे नियम उपयोगी पडले. ज्यांनी तो सोडला त्यांनी निरपराध माणसांची आयुष्यं पोळली आणि स्वतःच्याच विज्ञानाचं नुकसान करून घेतलं.

‘हस्तक्षेप’ कशाला म्हणायचं?

प्रत्येक देश दुसऱ्या देशांत आपलं वजन वाढवायला बघतो. शिष्यवृत्त्या देतो, भाषेचे वर्ग चालवतो, परिषदा भरवतो, आपल्या बाजूचे लेख छापून आणतो. हे उघडपणे चालत असेल तर त्याला प्रभाव म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. हेच काम चोरून, फसवून, धाक दाखवून किंवा पैसे चारून होऊ लागलं की तो हस्तक्षेप. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ही रेघ बऱ्यापैकी स्पष्ट ओढली आहे आणि इतर देशांची व्याख्याही साधारण याच अंगाने जाते.

क्रिकेटच्या पंचाचा सख्खा भाऊ एका संघात खेळतोय असं समजा. पंचाने हे सामन्याआधीच सांगितलं तर दुसरा पंच नेमता येतो, किंवा दोन्ही संघ ‘चालेल’ म्हणू शकतात. सामना संपल्यावर ही गोष्ट भलत्याच कुणाकडून कळली, तर त्या पंचाचा प्रत्येक निर्णय संशयास्पद वाटायला लागतो, अगदी बरोबर दिलेलासुद्धा. भाऊ तोच आणि सामनाही तोच. बिघडलं ते न सांगण्यामुळे.

विद्यापीठात हा हस्तक्षेप अनेक रूपांनी येतो. प्राध्यापकाला गुपचूप दुसरा पगार सुरू करणं हे एक रूप. लष्करी संस्थेतल्या संशोधकाने खोट्या पत्त्यावर प्रवेश मिळवणं हे दुसरं. परदेशात शिकणाऱ्या मुलांना गप्प बसवणं हे आणखी एक. मानवाधिकारांवर काम करणाऱ्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चिनी विद्यार्थ्यांवर एक अहवाल काढला. लोकशाहीच्या बाजूने बोललेल्या काही मुलांच्या चीनमधल्या घरच्यांपर्यंत पोलिस पोहोचले होते, असं त्यात नोंदलं आहे. वर्गात तोंड उघडलं तर तिकडे आईवडिलांना त्रास होईल, या भीतीने मूल गप्प राहतं. तिजोरीतलं काही गेलेलं नसतं, पण शिकणंच खुंटतं. संशोधन सुरक्षेच्या चर्चेत ही बाजू फार कमी येते याचं मला वाईट वाटतं.

एक ईमेल

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत काय घडलं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या नावे एक ईमेल आला. त्यातल्या लिंकवर कुणी क्लिक केलं नाही की सोबतची फाइल उघडली नाही. तो ईमेल नुसता प्रिव्ह्यूमध्ये दिसला आणि तेवढ्यावर आत शिरायला वाट झाली. तिथून पायरी-पायरीने कुणीतरी कर्मचारी, पैशांचे व्यवहार आणि विद्यार्थी यांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलं. तिथे एकोणीस वर्षांपर्यंतची माहिती होती. चोरी झाल्याचं विद्यापीठाला कळायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला.

संशोधनाच्या कामाला हात लागल्याचं आढळलं नाही. हे कुणी केलं तेही विद्यापीठाने जाहीर केलं नाही. मग ही घटना इथे का सांगायची? कोण कुठे काम करतं, कुणाचे पैसे कुठून येतात, कोण कधी शिकून बाहेर पडलं, हे कळलं की कुणाला गाठायचं ते ठरवता येतं. पुढे विद्यापीठाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्या वेळचे कुलगुरू ब्रायन श्मिट हे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. त्यांच्या कारकिर्दीत ऑक्टोबर २०१९ मध्ये विद्यापीठाने या चोरीचा अहवाल लोकांसमोर ठेवला. चोर कसा शिरला, आपण कुठे कमी पडलो, हे सगळं त्यात आहे. अब्रू जाईल म्हणून असं सहसा झाकून ठेवलं जातं. इथे तसं केलं नाही म्हणून जगभरच्या इतर विद्यापीठांना आपापल्या खिडक्या तपासता आल्या.

पण छापून येणारं संशोधन चोरायचं कशाला?

शोधनिबंध छापून येतो हे खरं, पण निबंध म्हणजे पूर्ण संशोधन नव्हे. पाककृती वाचली म्हणून पदार्थ जमतोच असं नाही, ज्याच्या हाताला ते वळण आहे त्याच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं. प्रयोगशाळेतही तसंच असतं. कोणत्या तापमानाला मिश्रण बिघडतं, कुठला प्रयोग वीस वेळा फसला आणि का, मापनयंत्र कसं जुळवून घ्यायचं, यातलं फारसं काही निबंधात येत नाही. ते वह्यांमध्ये, संगणकात आणि माणसांच्या हातांत असतं. शिवाय निबंध यायच्या आधीच सगळं हाती लागलं, तर पेटंटच्या शर्यतीत पुढे जाता येतं.

त्यात ‘दुहेरी वापरा’ची भर पडते. म्हणजे जी गोष्ट नागरी कामाला येते तीच लष्करी कामालाही येते. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅमेऱ्यासाठी एक चिप तयार केली होती. साध्या कॅमेऱ्यात चित्र आधी टिपलं जातं, मग ते दुसरीकडे पाठवून त्यावर प्रक्रिया होते. या चिपमध्ये चित्राच्या प्रत्येक ठिपक्याजवळच छोटा प्रोसेसर बसवलेला आहे, त्यामुळे जिथे दिसतं तिथेच समजतं आणि वेळ वाचतो. यंत्रमानवाला वाट शोधायला ती उपयोगी आहे. पण वेगाने उडणाऱ्या आणि स्वतःच लक्ष्य ओळखणाऱ्या यंत्रालाही नेमकं हेच लागतं. बीजिंगमधल्या एका कंपनीला हे तंत्र वापरायचा परवाना देण्याचा विद्यापीठाचा करार होता. ब्रिटन सरकारने जुलै २०२२ मध्ये तो अडवला. राष्ट्रीय सुरक्षा आणि गुंतवणूक कायदा त्याच वर्षी जानेवारीत लागू झाला होता, आणि त्याखाली अडवलेला हा पहिलाच व्यवहार. विद्यापीठाने काही लपवलेलं नव्हतं. सगळं सरकारसमोर होतं, सरकारने नाही म्हटलं आणि विषय तिथे संपला. कुणाला अटक झाली नाही की कुणाची बदनामी झाली नाही.

खोटा पत्ता आणि दुसरा पगार

ऑस्ट्रेलियन स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिलं की २००७ पासून चिनी लष्कराने आपले अडीच हजारांहून अधिक वैज्ञानिक आणि इंजिनिअर परदेशी विद्यापीठांत पाठवले होते. बरेचसे खऱ्या ओळखीनिशी गेले, पण काहींनी ओळख दडवली. शोधनिबंधावर ते ‘झेंगझोऊ इन्फर्मेशन सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ असं नाव टाकत. वाचणाऱ्याला वाटावं एखादी साधी तांत्रिक संस्था असेल, पण या नावामागे होतं चिनी लष्कराचं इन्फर्मेशन इंजिनिअरिंग विद्यापीठ. सोबत काम करणाऱ्या प्राध्यापकाला आपण कुणाबरोबर काम करतोय हे माहीतच नसेल, तर त्याने नेमका कोणत्या गोष्टीला होकार दिला म्हणायचं?

दुसऱ्या पगाराचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण हार्वर्डचं. चार्ल्स लीबर हे तिथले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि नॅनोतंत्रज्ञानातलं मोठं नाव. चीनने २००८ मध्ये ‘हजार प्रतिभा’ नावाची योजना सुरू केली होती. परदेशातले उत्तम संशोधक चीनकडे वळवायचे, हा तिचा हेतू. तिच्याखाली वुहान तंत्रज्ञान विद्यापीठाशी झालेल्या करारात लीबर यांना महिन्याला पन्नास हजार डॉलरपर्यंत पगार आणि तिकडे प्रयोगशाळा उभारायला पंधरा लाखांहून अधिक डॉलर ठरले होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांना अटक झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं.

कशाबद्दल दोषी ठरवलं हे नीट वाचायला हवं. हेरगिरीचा आरोप त्यांच्यावर नव्हताच. विचारणा झाली तेव्हा सरकारी यंत्रणांशी खोटं बोलले, करविवरणात उत्पन्न दाखवलं नाही आणि परदेशी बँक खातं कळवलं नाही, हे आरोप होते. दोन दिवस तुरुंग, जो अटकेच्या वेळी भोगून झालाच होता, सहा महिने घरात स्थानबद्धता आणि पन्नास हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २०२५ मध्ये ते चीनमधल्या शेन्झेनला प्राध्यापक म्हणून गेले. तोच करार त्यांनी पहिल्या दिवशी हार्वर्डला आणि अनुदान देणाऱ्यांना दाखवला असता, तर कदाचित एखादं अनुदान हुकलं असतं, पण फौजदारी खटला उभा राहिला नसता.

सरकारं काय करतायत

प्रत्येक देशाच्या नियमांची जंत्री इथे देत नाही, कारण ते सतत बदलतात आणि मुळाशी थोड्याच कल्पना आहेत. पहिली म्हणजे सांगणं सक्तीचं करणं. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की एखाद्या परदेशी स्रोताकडून वर्षात अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आले, तर विद्यापीठाने ते सरकारला कळवायचं. अनेक वर्षं त्याकडे काणाडोळा झाला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने वैयक्तिक संशोधकानेही आपल्या सगळ्या नेमणुका आणि पैशाचे स्रोत सांगायचे असं ठरलं. वर्षाला पाच कोटी डॉलरहून जास्त केंद्रीय संशोधन निधी घेणाऱ्या संस्थांनी स्वतःची सुरक्षा व्यवस्था उभारायची, हेही त्यातच आलं.

दुसरी कल्पना म्हणजे थेट मनाई. अमेरिकेच्या २०२२ च्या चिप्स आणि विज्ञान कायद्याने चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरियाशी जोडलेल्या घातक प्रतिभा योजनांमध्ये असलेल्या संशोधकांना केंद्रीय निधीतून बाहेर ठेवलं. कॅनडाची यादी याच जातीची.

तिसरी कल्पना मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, ती म्हणजे विचारायला जागा देणं. ब्रिटनने २०२१ मध्ये विद्यापीठांना सल्ला देणारी टीम नेमायचं जाहीर केलं. नेदरलँड्सने २०२२ च्या सुरुवातीला ‘ज्ञान सुरक्षे’साठी एक खिडकीच उघडली, जिथे कुठलंही विद्यापीठ शंका विचारू शकतं. परदेशातून एक ऑफर आली आहे, ही संस्था कशी आहे? प्राध्यापकाला याचं उत्तर एकट्याने शोधणं अशक्य असतं. त्याच्याकडे गुप्तचर खातं नसतं, चिनी भाषा येत नसते आणि वेळही नसतो. त्याच्यावर नुसती जबाबदारी टाकून सरकारने हात झटकले, तर तो भीतीपोटी सगळ्यांनाच नाही म्हणायला लागतो.

ज्ञान सगळ्या जगाचं, मग भिंती कशाला?

हा आक्षेप जुना आहे, आणि त्याचं चांगलं उत्तरही जुनंच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेला हीच चिंता सोव्हिएत रशियाबद्दल होती. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने डेल कॉर्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९८२ मध्ये सांगितलं की देश सुरक्षित राहतो तो मुख्यतः पुढे राहिल्याने, आणि पुढे राहायचं तर मोकळेपणा लागतो. त्यानंतर १९८५ मध्ये रेगन सरकारने धोरण ठरवलं की मूलभूत संशोधन, म्हणजे जे छापून सगळ्यांना द्यायचंच असतं, ते शक्य तितकं मोकळं ठेवायचं. बंधन घालायचंच असेल, तर ते काम रीतसर गोपनीय म्हणून जाहीर करायचं.

यात मोठा अर्थ आहे. पाच एकराच्या रानाभोवती गुडघाभर उंचीचं कुंपण घातलं तर जनावरं उडी मारून येतात आणि आपल्याच माणसांना मात्र रोज वळसा पडतो. त्यापेक्षा ज्या कोपऱ्यात खरंच जपण्यासारखं काही आहे तेवढ्यालाच उंच भिंत घालावी आणि बाकीचं रान मोकळं सोडावं. कॅनडाच्या अकरा क्षेत्रांची यादी बघितली तर माझी धाकधूक इथेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, नवे पदार्थ, ऊर्जा, जीवशास्त्र, रोबो, क्वांटम. प्रत्येक क्षेत्राखाली कोणतं काम मोडतं हे बारकाईने लिहिलं आहे खरं, पण हे सगळं कोपऱ्यात मावणारं नाही. यादी वाढवणं सोपं असतं, त्यातून एखादं नाव काढायला मात्र कुणी धजत नाही.

संशय धंद्यावर घ्यायचा की जन्मगावावर?

इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त माणसं दुखावली गेली ती इथे.

अमेरिकेच्या न्याय खात्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ सुरू केलं. व्यापारी गुपितं चोरणारे पकडायचे, हा त्याचा हेतू होता. पुढे गाडी प्राध्यापकांच्या अर्जांमधल्या चुकांकडे वळली. अनमिंग हू हे टेनेसी विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञान शिकवत होते. जन्म चीनचा, नागरिकत्व कॅनडाचं. एफबीआयने जवळपास दोन वर्षं त्यांच्यावर आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुलावर पाळत ठेवली. हेरगिरीचा पुरावा सापडला नाही. मग बीजिंगमधल्या विद्यापीठाशी असलेला संबंध लपवून नासाची फसवणूक केली, असा आरोप ठेवून फेब्रुवारी २०२० मध्ये अटक केली. विद्यापीठाने नोकरीवरून काढलं. वर्षाहून जास्त काळ ते घरात स्थानबद्ध होते. जून २०२१ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं. नासाला फसवायचा त्यांचा हेतू होता असं कुठेच दिसत नाही, ज्या कामाचे पैसे नासाने दिले ते काम नासाला मिळालं, असा निकालाचा रोख होता. त्यानंतर विद्यापीठाने त्यांना परत घेतलं.

एमआयटीचे गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली. वर्षभराने सरकारनेच आरोप मागे घेतले, कारण जे लपवलं म्हणत होते ते अर्जात सांगणं मुळात बंधनकारकच नव्हतं, असं पुढे आलं. जुलै २०२२ मध्ये चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या अर्धवाहकाचे गुणधर्म दाखवणारा निबंध छापला. सिलिकॉनपेक्षा तो उष्णता कितीतरी सहज वाहून नेतो. ज्या वर्षी ते प्रयोगशाळेत असायला हवे होते, त्यातला बराच काळ वकिलांबरोबर गेला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ बंद झालं, पण भीती उरली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या तेराशेहून अधिक चिनी वंशाच्या संशोधकांची पाहणी झाली. ७२ टक्क्यांनी सांगितलं की संशोधक म्हणून आपल्याला सुरक्षित वाटत नाही, आणि ६१ टक्क्यांच्या मनात देश सोडायचा विचार येऊन गेला होता.

असं घडलं की काय होतं, हे अमेरिकेने एकदा अनुभवलेलंही आहे. छ्येन श्वेसेन हे कॅलटेकमधले रॉकेटविज्ञानातले आघाडीचे संशोधक, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या उभारणीतले. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेतला. काही दिवस कोठडीत आणि मग पाच वर्षं नजरेखाली ठेवलं. १९५५ मध्ये ते चीनला परतले आणि चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. अमेरिकेला ज्याची भीती होती, तेच तिने स्वतःच्या हाताने घडवलं. आपल्याकडेही नंबी नारायणन यांची आठवण होते. १९९४ मध्ये इस्रोतल्या हेरगिरीच्या आरोपाखाली अटक, १९९६ मध्ये सीबीआयने तो आरोप खोटा ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाकडून भरपाईचा आदेश यायला २०१८ साल लागलं.

मग जन्मगाव बघायचंच नाही का? नेदरलँड्सच्या न्यायालयांनी याचं उत्तर दिलं आहे. अब्दुल कादीर खान यांनी १९७० च्या दशकात तिथे काम करताना युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची माहिती मिळवली आणि ती पाकिस्तानच्या अणुबॉम्बच्या कामी आली. तो घाव डच लोक विसरलेले नाहीत. पुढे इराणवर निर्बंध आले तेव्हा डच सरकारने इराणी नागरिकांना काही अभ्यासक्रम सरसकट बंद केले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. धोका खरा होता हे मान्य, पण त्यासाठी एका अख्ख्या देशाच्या माणसांना दाराबाहेर ठेवता येत नाही. माणूस कुठे जन्मला यावरून काही कळत नाही. तो आज कुणासाठी काम करतो आणि कशावर काम करतो, यावरून कळतं. कॅनडाच्या नियमात एक गोष्ट चांगली आहे ती हीच: प्रश्न सध्याच्या संबंधांबद्दल आहे, आणि नागरिकत्व विचारलेलं नाही.

विद्यापीठांनी पोलिसगिरी करायची का?

करू नये, आणि त्यांना ती नीट जमणारही नाही. पण नियम पाळायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. कॅनडाने २०२२ च्या अर्थसंकल्पात विद्यापीठांना या कामासाठी पाच वर्षांत साडेबारा कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, हे योग्यच झालं. जिथे नियम आले पण पैसा आला नाही, तिथे मोठी विद्यापीठं तग धरतात आणि छोटी परदेशी सहकार्यच बंद करून टाकतात.

ढिसाळ शब्दांचा नियम किती नुकसान करतो, याचं उदाहरण भारतातही आहे. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने आदेश काढला की सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी आधी परवानगी घ्यावी आणि ‘भारताच्या अंतर्गत बाबी’ असलेले विषय टाळावेत. अंतर्गत बाब कशाला म्हणायचं? भूजल? साथीचे रोग? देशातल्या दोन विज्ञान अकादमींनी याला लेखी विरोध केला आणि पुढच्याच महिन्यात आदेश मागे घेतला गेला. याउलट निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी ‘स्कोमेट’ यादी बघा. कोणती रसायनं, कोणते जीवाणू, कोणती उपकरणं आणि कोणतं तंत्रज्ञान परवान्याशिवाय बाहेर द्यायचं नाही, हे तिथे नावानिशी लिहिलं आहे. ती वाचायला किचकट आहे, पण आपण त्यात बसतो की नाही हे संशोधकाला कळतं तरी.

परदेशी शिकायला जाणाऱ्याने काय करावं

हे सगळं वाचून एखाद्या मुलीला वाटेल की माझा याच्याशी काय संबंध. ब्रिटनमध्ये २००७ पासून एटास नावाची तपासणी आहे. भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान, विमानविद्या, संगणकशास्त्र अशा विषयांच्या काही अभ्यासक्रमांत वरचं शिक्षण घ्यायचं असेल, तर ठरावीक देशांचे नागरिक सोडून बाकी सगळ्यांना हे प्रमाणपत्र लागतं. अमेरिका, जपान, युरोपीय संघ वगळलेले आहेत, भारत वगळलेला नाही. मे २०२१ पासून विद्यार्थ्यांबरोबर संशोधकांनाही ते लागू झालं. त्याची फी नाही.

अर्जात काय शिकलात, काय छापलंत, पैसे कोण देतं, कोणत्या विषयावर काम करणार, असं विचारतात. एखाद्या परदेशी प्रयोगशाळेत दोन महिने बिनपगारी काम केलं असेल, नावापुरतं मानद पद असेल, प्रवासाचा खर्च दुसऱ्या कुणी केला असेल, तर तेही लिहावं. क्षुल्लक वाटतं म्हणून सोडू नये. काय क्षुल्लक ते ठरवायचं काम अर्ज वाचणाऱ्याचं. आपल्या संशोधनाचं वर्णनही गाइडशी बोलून नेमकं लिहावं, कारण ‘ड्रोनवर काम’ आणि ‘पिकांवरची कीड ओळखणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यावर काम’ यांत तपासणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक पडतो. पुढे विषय बदलला तर पुन्हा अर्ज करावा लागू शकतो. आणि प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे निदान दोन महिने आधी कामाला लागावं.